नाद, गोंधळ आणि गोंगाट

१

ज्याला मराठीत ध्वनिप्रदूषण म्हणतात त्याला कन्नड भाषेत 'शब्दमालिन्य' असे नाव आहे. बंगळूरच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर येथे नोकरीनिमित्त वस्तीस आलेल्या मराठी माणसाच्या कानी हा शब्द प्रथम पडतो, तेव्हा तो क्षणभर थबकल्यावाचून राहत नाही. मराठीत शब्द म्हणजे अर्थ वाहणारा वर्णसमूह. शब्द म्हणजे दिलेले वचनही. तो मलिन होतो म्हणजे एक नैतिक आपत्तीच होय. कन्नडाने मात्र या संस्कृत पदाचा जुना व्यापक अर्थ, म्हणजे कानाला जे जे गोचर होते ते सर्व, दैनंदिन व्यवहारात टिकवून ठेवला आहे. मराठीने पसंत केलेला 'ध्वनी' हा शब्दही काव्यशास्त्राच्या अभ्यासकास कमी अडचणीचा नाही. आनंदवर्धनाने नवव्या शतकात काव्याचा आत्मा म्हणून ज्याची स्थापना केली, तोच ध्वनी नगरपालिकांच्या सूचनाफलकांवर दूषित झालेला आढळतो. दोन शेजारी भाषांनी एकाच उपद्रवाला नाव देताना आपापल्या परंपरेतील अत्यंत आदरणीय अशी पदे हाती घेतली, हा निव्वळ योगायोग मानून सोडून देता येत नाही.

बेळ्ळंदूर हे एके काळी तळ्याकाठचे खेडे होते. नावातील 'ऊर' हे कन्नड पद त्याची साक्ष देते. बंगळुरातील सर्वांत मोठ्या तलावांपैकी एक येथे आहे. २०१५ च्या सुमारास त्याच्या पाण्यावर उसळलेल्या फेसामुळे आणि पुढे २०१७ व २०१८ साली तेथे लागलेल्या आगींमुळे त्याचे नाव देशभर झाले. खेड्याच्या कडेने शहराचा बाह्य वळणरस्ता गेला आणि त्याच्या दुतर्फा संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींत 'नॉइज' हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारला जातो; पण तेथे त्याचा अर्थ आवाज असा नसतो. विदेच्या राशीतील जे निरर्थक, गाळून टाकावयाचे, ते नॉइज. काचेबाहेर वाहनांच्या भोंग्यांचा अखंड मारा चालू असतो, तोही नॉइजच. जुन्या वस्तीतील देवळाच्या उत्सवातले ढोल कोणाला भक्ती वाटतात, कोणाला उपद्रव. आणि कार्यालयात बसलेल्या तरुणाच्या कानांवर बाहेरचा आवाज पुसून टाकणारे यंत्र असते.

एकाच ठिकाणी एकाच शब्दाचे इतके अर्थ नांदत असता प्रश्न असा उत्पन्न होतो की, गोंगाट हा ध्वनीचा एक प्रकार आहे, की ऐकणाऱ्याने ध्वनीला दिलेला तो एक निकाल आहे? या प्रश्नाचे उत्तर केवळ भौतिकशास्त्राकडे वा केवळ कायद्याकडे मागून मिळण्यासारखे नाही. मराठी समाजाने गेल्या सात-आठशे वर्षांत कोणता आवाज कोठे सोसला, कोठे मागून घेतला आणि कोठे नाकारला, याचा मागोवा घेतला तर मात्र त्यावर बराच प्रकाश पडतो.

२

भारतीय शास्त्रपरंपरेने शब्दाची मोठी सूक्ष्म चिकित्सा केली आहे. न्यायमताप्रमाणे शब्द हा आकाशाचा गुण. त्याचे दोन भेद: वर्णात्मक आणि ध्वन्यात्मक. भाषा ही पहिल्याचे उदाहरण. दुसऱ्याचे उदाहरण म्हणून सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त भेरी पुढे केली आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथे नगाऱ्याचा आवाज भाषेहून वेगळा मानला आहे, हीन मानलेला नाही. वर्णरहित आवाजालाही शास्त्रात एक स्वतंत्र आणि निर्दोष आसन आहे.

संगीतशास्त्राने याच्या पुढचे पाऊल टाकले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले आणि नातू राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख झाला. हिशेबनिसाच्या काटेकोरपणानेच त्याने नादाची मांडणी केली. नाद दोन प्रकारचा: अनाहत आणि आहत. अनाहत योग्यांचा, तो मुक्ती देणारा असला तरी लोकांचे रंजन करणारा नव्हे. म्हणून संगीताचा विचार आहतापासून, म्हणजे आघाताने उत्पन्न होणाऱ्या नादापासून सुरू होतो. या मांडणीत नादाचा विरोधी असा 'अनाद' कोठेच नाही. जे त्याज्य आहे ते शार्ङ्गदेवाने ध्वनीच्या प्रकारांत न घालता गायकाच्या दोषांत घातले आहे. त्याने असे पंचवीस दोष गणले. त्यांत नीरसपणे ओरडणारा 'उद्घुष्ट' आहे आणि कावळ्यासारखा कर्कश 'काकी' आहे. आवाज बेसूर झाला तर जाब विचारावयाचा तो गाणाऱ्यास. प्रत्येक आवाजाला एक कर्ता आहे आणि त्या कर्त्यावर एक जबाबदारी आहे, हे गृहीत धरूनच ही सारी व्यवस्था उभी आहे. पुढे ज्या काळात ध्वनीला कर्ताच उरला नाही त्या काळाचा विचार करताना हे गृहीत लक्षात ठेवावे लागते.

३

शास्त्राची ही भूमिका लोकव्यवहारात कशी उतरली ते पाहावयाचे तर मराठीतील आवाजवाचक शब्दांकडे वळावे. गजर, कल्लोळ, गलका, गलबला, कालवा, बोंब, गदारोळ, गोंगाट, गोंधळ: या शब्दांत जितका आवाज आहे तितकाच न्यायनिवाडाही आहे. त्यांतील कित्येकांचा निवाडा प्रसंग पाहून बदलतो. 'कल्लोळ' मूळचा लाटेचा. तो आनंदाचा होतो आणि आकांताचाही होतो. 'गजर' देवळात नामाचा, आणि उशाशी ठेवलेल्या घड्याळाचा.

या सर्वांत 'गोंधळ' या शब्दाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. तुळजाभवानी, रेणुका आदी देवतांच्या उपासनेतील तो एक कुलाचार. लग्नकार्यानंतर रात्री गोंधळी येतात. चौक मांडतात, दिवटी पेटवितात. संबळ आणि तुणतुणे वाजू लागते. ठिकठिकाणच्या देवदेवतांना नावे घेऊन गोंधळाला येण्याचे आवाहन होते आणि मग आख्यान रंगते. 'संगीतरत्नाकरा'त 'गौंडली' या नृत्याचे वर्णन आहे, त्याच्याशी गोंधळाचा संबंध अभ्यासकांनी जोडून दाखविला आहे. तो मानला तर राजसभेतील शास्त्रग्रंथ आणि शेतकऱ्याचे अंगण यांच्यात एक दुवा सापडतो. पण त्याच वेळी 'गोंधळ' म्हणजे अव्यवस्था, संभ्रम, आरडाओरडा हा अर्थही रूढ होता. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत विधीचा अर्थ आणि बजबजपुरीचा अर्थ असे दोन्ही नोंदलेले आहेत. अंगणात बसलेल्या यजमानाला जो गोंधळ म्हणजे कुळधर्माची फेड, तोच भिंतीपलीकडे झोपू पाहणाऱ्याला केवळ संबळाचा कडकडाट. भाषेने दोघांचेही म्हणणे एकाच शब्दात नोंदवून ठेवले.

शिमग्याच्या बोंबेचेही असेच. तोंडावर पालथा हात मारून केलेला तो आवाज एरवी संकटाचा वा निंदेचा. परंतु फाल्गुनी पौर्णिमेच्या होळीपुढे तो विहित ठरतो. वर्षातून एकदा, ठरल्या जागी, सर्वांनी मिळून बेताल होण्याची ही मुभा आहे. वारकऱ्यांच्या दिंडीत शेकडो टाळांचा जो झणत्कार उठतो, तोही मोजमापाच्या दृष्टीने लहान आवाज नव्हे. पण टाळ वाजविणारा प्रत्येक हात त्या तालाला बांधलेला असतो आणि वाट चालून दमलेलाही असतो.

या उदाहरणांवरून असे दिसते की, जुन्या मराठी समाजाने मोठ्या आवाजाला विरोध केला नाही. त्याला तीन मर्यादा घातल्या. पहिली काळाची: तिथी, प्रहर, प्रसंग. दुसरी स्थळाची: अंगण, देऊळ, वेस. तिसरी कर्त्याची: वाजविणारा कोण, आणि त्याचा दम किती. संबळ वाजविणारा मनुष्य पहाटेपर्यंत थकतो, ही शेवटची मर्यादा निसर्गानेच घातलेली होती.

तथापि या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे इतिहासाशी प्रतारणा करण्यासारखे होईल. नौबत झडविणे हे राजसत्तेचे चिन्ह होते. कोणाच्या दारी चौघडा वाजावा हे मानाचे प्रकरण होते. गावगाड्यात हलगी आणि डफ वाजविण्याचे काम ज्या जातींकडे होते, त्यांनाच आपल्या घरची वरात वाजतगाजत गावातून नेण्यास ठिकठिकाणी मज्जाव होता. सवर्णाच्या लग्नात जी हलगी मंगल, तीच वाजविणाऱ्याच्या स्वतःच्या लग्नात उद्धटपणा ठरे. आवाजाला गोंगाट म्हणण्याचा अधिकार हा नेहमीच एक सामाजिक अधिकार राहिला आहे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या जलशांनी जुनीच वाद्ये हाती घेऊन नवे गाणे गाइले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर नीट कळते. तेथे वाद्य पहिल्यानेच वाजविणाऱ्याच्या मालकीचे झाले.

४

एकोणिसाव्या शतकात युरोपीय विज्ञानाने या प्रश्नाला निराळ्या टोकाने हात घातला. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या स्वरसंवेदनाविषयक ग्रंथात संगीतस्वर आणि गोंगाट यांच्यामध्ये स्पष्ट रेषा ओढली: ज्या ध्वनीची कंपने नियतकालिक तो स्वर, ज्याची अनियमित तो गोंगाट. ताणलेल्या गोल चामड्याची उपकंपने मूळ कंपनाशी पूर्णांकी प्रमाणात नसतात. तेव्हा या रेषेप्रमाणे नगारा, ढोल इत्यादी अवनद्ध वाद्ये गोंगाटाच्या सीमेवर, कदाचित पलीकडेच, जाऊन पडतात. न्यायशास्त्रात जिला निर्दोष आसन होते ती भेरी येथे संशयित ठरली.

या निवाड्याला एक महत्त्वाचा अपवाद चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिला. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह लिहिलेल्या टिपणात त्यांनी मृदंग आणि तबला यांची परीक्षा केली. तबल्याच्या पुडीवरील शाई पुडीचे वजन मध्यभागी अशा रीतीने वाढविते की, तिची पहिली काही उपकंपने सरळ संवादी प्रमाणात येऊन बसतात. ज्या कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या शाईचा थर घोटला त्यांनी गणिताविना चामड्याला स्वरात आणले होते. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, रामन यांनी वीणा आणि तंबोरा यांच्या घोडीचा विचार केला. तार ज्या बिंदूपाशी छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा शून्यबिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात ते उमटत होते. कारण ही तार टोकदार कडेवर टेकलेली नसते. रुंद आणि किंचित वक्र घोडीला ती घासत, स्पर्श करीत कंप पावते.

हा घासणारा, गुणगुणणारा परिणाम म्हणजेच जवारी. तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून गवई ती शोधतो. दोरा केसभर इकडेतिकडे झाला तर तंबोरा मुका होतो किंवा नुसताच झणझणतो. मिरजेतील तंतुवाद्ये घडविणाऱ्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. राजवटी बदलल्या, शस्त्रांचे काम सरले आणि धातूवर फिरणारा तो हात वाद्यांकडे वळला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण या कसबाचे तात्त्विक मर्म अद्याप पुरेसे उलगडले गेलेले नाही. स्वच्छ, निर्भेळ स्वर देणारी तार येथे अपुरी मानली जाते. तिच्यात थोडी खरखर मुद्दाम घालावी लागते आणि त्या खरखरीतूनच गंधार ऐकू येतो. गायकाच्या गळ्याची स्तुती करतानाही 'जवारीदार आवाज' असे म्हणण्याची रीत आहे. म्हणजे हिंदुस्थानी संगीताने गोंगाटाला दाराबाहेर ठेवले नाही. त्याचे माप ठरवून त्याला घरात घेतले.

रामन १९३३ साली बंगळुरास भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून गेले. १९३४ मध्ये त्यांनी तेथे भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि त्याच वर्षी तिच्या कार्यवृत्तात भारतीय तालवाद्यांवरील त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. ज्या नगराच्या एका उपनगरात गोंगाट गाळून टाकण्याचा उद्योग चालतो, त्याच नगरातील विज्ञान अकादमीचे पहिले वर्ष ढोलावरील आघाताच्या अभ्यासाने साजरे झाले होते, ही गोष्ट बेळ्ळंदूरचा विचार करताना विसरता येत नाही.

५

इंग्रजी राजवटीने आवाजाच्या व्यवहारात दोन नवे पक्ष आणले: शिपाई आणि यंत्र. १८६१ च्या पोलीस कायद्यात सणसमारंभाच्या वेळी रस्त्यावर संगीताचा वापर किती व्हावा याचे नियमन करण्याचा अधिकार पोलीस अधिकाऱ्यास दिला गेला. कायद्याने वापरलेला शब्द 'संगीत' हा होता, हे येथे टिपून ठेवावे. पूर्वी ज्या मर्यादा रूढीने आणि परस्पर ओळखीने पाळल्या जात, त्या आता परवान्याने पाळावयाच्या झाल्या. परवाना मागणे आणि नाकारणे यांतून वाद्य हे हक्काचे आणि ईर्ष्येचे साधन बनले. १८९३ साली गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले. १८९४ साली पुण्यात मशिदीवरून वाद्ये वाजवीत नेण्याच्या प्रश्नावरून तंटे झाले. मुद्दा आवाज किती मोठा हा नव्हताच. कोणाच्या दारावरून कोणाचा आवाज जाणार, हा होता.

यंत्राने आणलेला आवाज निराळ्या जातीचा होता. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढे लालबाग-परळच्या परिसरात गिरण्यांचे भोंगे दिवसाचे प्रहर मोजू लागले. भोंगा हा गजराचाच वंशज. परंतु त्याच्यामागे देव नव्हता, पाळी होती. चाळीतील स्त्रिया चूल पेटविण्याची वेळ भोंग्यावरून ठरवीत. यंत्राच्या या नादाकडे मराठी कवितेने दोन रीतींनी पाहिले. मर्ढेकरांच्या १९४७ च्या 'काही कविता' या संग्रहात यंत्रयुगातील महानगर माणसाचे माणूसपण झिजविणारे म्हणून प्रकटते. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' या १९६६ च्या संग्रहात तेच महानगर, त्याच गिरण्या आणि त्याच गल्ल्या शिक्षण देणाऱ्या ठरतात. एकाने तो कोलाहल वरून कोसळणारा म्हणून ऐकला. दुसरा त्या कोलाहलातच वाढला होता. दोघांचेही ऐकणे खरे आहे. आणि दोन्ही ऐकण्यांवाचून मुंबईचा आवाज पुरा होत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप विधिपूर्वक मागे घेतला गेला नाही आणि बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या कधीच चालल्या नाहीत. भोंगे थांबले. मोजपट्टीने पाहू गेल्यास गिरणगाव शांत झाले; पण ही शांतता कोणी सुधारणा म्हणून नोंदविली नाही. जो आवाज पाळीवर जाण्यासाठी हाक मारीत होता तो थांबल्यावर घराघरांत जे उरले ते बेकारीचे मौन होते. गोंगाटाच्या इतिहासात ही नोंद आवश्यक आहे, कारण आवाजाचा अभाव म्हणजे स्वास्थ्य हे समीकरण येथे उघड उघड खोटे ठरते. पुढे 'भोंगा' या शब्दाचा अर्थही सरकला. २०२२ साली महाराष्ट्रात त्यावरून जो राजकीय वाद माजला त्यात भोंगा म्हणजे प्रार्थनास्थळावरील ध्वनिक्षेपक असाच अर्थ सर्वांनी गृहीत धरला होता.

६

ध्वनिक्षेपक आणि नभोवाणी यांनी आवाजाची तिसरी, कर्त्याची मर्यादा मोडून काढली. प्रथम नभोवाणीपुरता प्रश्न अभिरुचीचा वाटला. हिंदुस्थानी संगीताच्या श्रुतींना न मानवणारे वाद्य म्हणून आकाशवाणीवर १९४० साली पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ च्या सुमारास सैल होईपर्यंत टिकली. नाट्यसंगीताच्या ज्या परंपरेने पेटीला मानाचे स्थान दिले, त्या परंपरेच्या श्रोत्यांना हा निर्णय चमत्कारिक वाटला असल्यास नवल नाही. पुढे १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीखाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी मंत्री शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून राज्यसंस्थेला त्यांना परत बोलवावे लागले. राज्यसंस्था स्वतः संगीत आणि गोंगाट यांतील रेषा आखावयास बसली की, श्रोता सुई फिरवून ती पुसू शकतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

परंतु रस्त्यावरच्या ध्वनिक्षेपकापुढे श्रोत्याच्या हाती सुई नसते. ढोल बडविणारे खांदे भरून येतात. ध्वनिक्षेपकाचे खांदे भरून येत नाहीत. आवाजाचा आणि श्रमाचा संबंध तुटला की आवाजाला आतून येणारा अटकाव उरत नाही. या अवस्थेचे नाव मराठीने मोठ्या उपरोधाने ठेवले आहे. गणेशविसर्जनाच्या मिरवणुकीत भिंतीसारखे रचलेले जे प्रचंड ध्वनिक्षेपक असतात त्यांना महाराष्ट्रात सर्रास 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होता. त्यानंतर त्याने लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, आणि तिचे पहिले मोठे यश म्हणजे ध्वनिफितीवरील खरखर कमी करणारी योजना. ज्याचे नाव जगभर गोंगाट घटविण्याशी जोडले गेले, त्याचेच नाव मराठीत सर्वांत मोठ्या गोंगाटाचे सामान्यनाम झाले, आणि 'डॉल्बीमुक्त' उत्सव अशी घोषणा देण्याची वेळ आली. त्या मूळ कंपनीचा या भिंतींशी काही संबंध असो वा नसो, लोकभाषेला त्याच्याशी कर्तव्य नसते. तिला कर्ता नसलेल्या आवाजासाठी एखादे परके नाव हवे होते आणि ते तिने घेतले.

१८६१ च्या कायद्यातील 'संगीत' या शब्दाला २००० सालच्या केंद्रीय नियमावलीत अग्रस्थान उरले नाही. तिच्या शीर्षकातच प्रदूषण आले. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४०, अशी मापे ठरली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकावरील बंधन पक्के केले आणि इंग्रजी 'नॉइज' हा शब्द लॅटिनमधील मळमळवाचक शब्दापासून आला असल्याचेही नमूद केले. नको असलेला आवाज म्हणजे गोंगाट, ही व्याख्या न्यायालयाने स्वीकारली. तिचे मर्म सूक्ष्म आहे: 'नको' हा शब्द ऐकणाऱ्याच्या इच्छेचा आहे, डेसिबल मात्र इच्छा मोजीत नाही. रुग्णाला, बालकाला, परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्याला मापाचा आधार मिळाला हे मोठेच हित झाले, आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. कायद्याने काळ आणि स्थळ या दोन जुन्या मर्यादा नव्या भाषेत पुन्हा आखल्या. तिसरी मर्यादा, म्हणजे वाजविणारा आणि ऐकणारा यांच्यातील परस्पर ओळख, कोणत्याही नियमावलीला आखता येणारी नव्हती.

७

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात लयीची तीन तत्त्वे येतात: संवाद, विरोध आणि समतोल. 'सौंदर्य आणि साहित्य' या त्यांच्या ग्रंथाला १९५६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला. तेव्हापासून या तत्त्वांची चर्चा प्रामुख्याने काव्य आणि चित्र यांच्या संदर्भात झाली. गोंगाटाच्या प्रश्नाला ती लावून पाहिली असता एक उपयुक्त भेद हाती येतो. विरोध हा कलाकृतीचा शत्रू नव्हे; तो तिचा घटक आहे, मात्र त्याला समतोलात स्थान मिळाले पाहिजे. तंबोऱ्याची जवारी हा स्वराला केलेला विरोध आहे आणि समतोलात बसला म्हणून तो सौंदर्य झाला. शिमग्याची बोंब हा वर्षभराच्या मर्यादशील वाणीला केलेला विरोध आहे, आणि वर्षाच्या लयीत तिचे घर ठरलेले आहे. ज्या विरोधाला कोणत्याही समतोलात घर मिळत नाही, तो गोंगाट होय. ही व्याख्या मान्य केली तर गोंगाट कमी करण्याचे दोन मार्ग दिसतात: विरोध नष्ट करणे, किंवा समतोल शोधणे.

आधुनिक तंत्रविद्येने पहिला मार्ग धरला आहे. क्लॉड शॅनन याने १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला, त्यात संदेश आणि गोंगाट यांची फारकत मूलभूत आहे. वाहिनीत शिरून संदेश बिघडविणारे जे जे, ते गोंगाट. दूरध्वनीच्या तारेपुरता हा विचार निर्दोष आहे. त्यावाचून आजचे एकही यंत्र चालले नसते. अडचण उत्पन्न होते ती हा विचार समाजाला लावल्यावर. कारण तारेत संदेश कोणता हे पाठविणारा आणि घेणारा यांच्यात आधीच ठरलेले असते. रस्त्यावर ते ठरलेले नसते. बेळ्ळंदूरच्या काचेच्या इमारतीतील अभियंत्यास वळणरस्त्यावरील भोंगे हा गोंगाट. मालवाहू गाडीच्या चालकास भोंगा हाच रस्ता मागण्याचा एकमेव शब्द. देवळाचा ढोल जुन्या ग्रामस्थास आपले गाव अद्याप जिवंत असल्याचा संदेश. इमारतीच्या बाराव्या मजल्यावर नव्याने राहावयास आलेल्यास तो रात्रपाळीची झोप मोडणारा. यांपैकी कोणाचे ऐकणे खोटे म्हणावे? आणि कोणाच्या हाती मोजयंत्र आहे, यावर निवाडा अवलंबून राहू लागला, तर हलगी आणि वरात यांचा जुना अन्याय नव्या वेषात परत येणार नाही, अशी ग्वाही कोणास देता येईल?

बाहेरचा आवाज पुसणारे जे यंत्र तेथील तरुण कानांवर चढवितात, त्याचे कार्य मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगण्याजोगे आहे. ते येणाऱ्या ध्वनिलहरीच्या नेमकी उलट लहर उत्पन्न करते आणि दोन्ही मिळून शून्य होतात. येथे विरोध समतोलाकडे जात नाही, लोपाकडे जातो. एकाच बाकावर बसलेली दोन माणसे आपापल्या शून्यात राहू शकतात. गोंधळाच्या रात्री भिंतीपलीकडे जागा राहिलेला शेजारी निदान कोणाच्या घरी लग्न झाले हे जाणत होता. त्याची तक्रारही ओळखीची होती. तक्रारीला जागा उरत नाही तेथे ओळखीलाही उरत नाही.

मात्र या यंत्राची एक मर्यादा त्याच्या घडणीतच आहे. वातानुकूलकाची घरघर, विमानाच्या इंजिनाचा गुंजारव, दूरच्या रस्त्याची सलग घोंघावणी, असे खर्जातले एकसुरी आवाज ते उत्तम पुसते. ताशाची अकस्मात पडलेली कडाडणारी थाप त्याच्या हाती सहसा लागत नाही, कारण तिच्या उलट लहर रचावयास त्याला अवधीच मिळत नाही. माणसाचा बोलण्याचा आवाजही त्याच्यातून बराचसा निसटून आत येतो. शार्ङ्गदेवाने ज्या नादाचा विचार मनुष्याच्या आघातापासून आरंभिला तो, आणि अन्नंभट्टाने भेरीच्या शेजारी ठेवलेली ती भाषा, ही दोन्ही बेळ्ळंदूरच्या बंद काचेआडही अजून ऐकू येतात. ऐकणाऱ्याने कानावरचे यंत्र उतरवून कोण वाजवीत आहे, कोण बोलत आहे, एवढी चौकशी केली, तर समतोलाचा दुसरा मार्ग तेथूनही निघतो.